लाल बादलीतली रोझमेरी

बंबकाकांच्या हातून झाड मरत नाही, असं अख्ख्या गल्लीचं ठाम मत होतं. आता गल्लीच्या मताला फार किंमत द्यावी असं नाही, पण या बाबतीत पुरावा डोळ्यांसमोर होता. दोन खोल्यांच्या घरामागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला कपड्यांची तार, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. पण एवढ्याशा जागेत कर्दळी माणसाच्या डोक्यावर गेलेल्या, नेचे परातीएवढे पसरलेले, आणि पुदिना तर फरशीच्या फटींतून शेजाऱ्यांकडे निघालेला. कुणी रहस्य विचारलं की काका एका शब्दात उत्तर द्यायचे, "पाणी!"

पाणी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उभी नोकरी त्यांनी अग्निशमन दलात काढली होती, तीही पंपावर.

लोकांना वाटतं, बंबावरचा माणूस म्हणजे शिडीवर चढणारा, खिडकीतून कुणाला तरी खांद्यावर टाकून उतरणारा. काका आयुष्यात एकदाही कुणाला खांद्यावर टाकून उतरले नाहीत. ते खाली रस्त्यात, गाडीपाशी, पाण्याच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवून उभे. नळी घेऊन आत घुसलेल्या गड्यांचा जीव त्यांच्या मुठीत. नळीतलं पाणी तुटलं तर आतल्याचं काय होईल, हे सांगायलाच नको. म्हणून पंपावरच्या माणसाला एकच नियम असायचा. पुढून खूण आल्याशिवाय हात हलवायचा नाही. एक हात सरळ वर, म्हणजे पाणी सोड. दोन्ही हातांची डोक्यावर फुली, म्हणजे बंद कर. मधल्या मधे स्वतःची अक्कल पाजळायची नाही.

एकदा पिठाच्या गोदामाला आग लागली. कोपऱ्यातच लागली होती, लवकर विझली. पण पुढचा गडी विझल्याच्या आनंदात नळी खिडकीच्या गजाला अडकवून गोदामवाल्याशी गप्पा मारत बसला आणि खूण द्यायची विसरला. काका इकडे इमानेइतबारे पाणी सोडतायत. आगीत चार पोती गेली होती. उरलेल्या सगळ्या गोदामाची पाण्याने कणीक झाली. साहेब कडाडले, "अरे, धूर थांबलेला तुला दिसला नाही?" काका म्हणाले, "दिसला साहेब. खूण दिसली नाही." साहेबांनी कपाळावर हात मारला. नियम त्यांनीच शिकवलेला.

निवृत्तीच्या समारंभात हा किस्सा सगळ्यांनी आळीपाळीने सांगितला. मग भेट म्हणून लाल बादली दिली, ठाण्याच्या दारात जन्मभर वाळू भरून टांगलेली, नव्याने रंगवलेली, वर पांढऱ्या अक्षरांत ठसठशीत 'आग'. काकांनी ती घरी आणून मागच्या दाराशी खिळ्याला टांगली. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. लेक माहेरी आली असताना तिने एकदा त्या बादलीत कपडे भिजवले, तर काका दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलले.

काकू शिवणकाम करायच्या. मागच्या खिडकीशी मशीन, बाजूला इस्त्रीचं टेबल, आणि ओठांत कायम दोन-चार टाचण्या. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं भुवयांनी आणि हातांनीच चालायचं. पण काकूंचं खरं हत्यार म्हणजे त्यांचं नाक. दूध नासायच्या आधी त्यांना कळायचं. सुती म्हणून भलतंच कापड गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराची लबाडी त्या हुंगून पकडायच्या. आणि काका ड्युटीवरून आले की दारातच थांबवून त्यांची बाही नाकाशी धरायच्या.

"लाकडाची वखार."

"बरोबर!"

"काल टायर होते, परवा कापूस. आणि येताना मित्रांबरोबर तळलेलं खाल्लंत, ते वेगळं."

काका थक्क व्हायचे. क्वचित एखाद्या दिवशी काकू बाही हुंगायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत, फक्त आंघोळीचं पाणी काढायच्या. त्या दिवशी काकाही काही सांगायचे नाहीत. असं जाणतं नाक होतं ते.

तेच नाक एका तापात गेलं.

ताप साधाच होता, उतरला. पण उतरताना काकूंचा वास घेऊन गेला. लेक फोनवर म्हणाली, "येईल गं आई परत, सर्दीत जातो तसा." महिने गेले, काही आला नाही. काकूंनी आधी हसण्यावारी नेलं. "बरं झालं, यांच्या मोज्यांपासून सुटले!" पण माणूस किती दिवस हसणार? जेवण म्हणजे कापूस चावल्यासारखं. साबण लावला काय नि दगड घासला काय, सारखंच. काकू जेवताना ताटाकडे बघेनाशा झाल्या, आणि काकांना ते दिसत होतं.

मग तो इस्त्रीचा प्रकार झाला. एका गिऱ्हाइकाच्या फ्रॉकची कॉलर इस्त्री करताना पुढचं दार वाजलं, काकू तिकडे गेल्या आणि दारात बोलत उभ्या राहिल्या. काका बागेतून आत आले तर खोलीभर धूर! कॉलरचा कोळसा झालेला, टेबलावरच्या चादरीने पेट घेतलेला, आणि काकू त्या सगळ्याकडे पाठ करून मजेत बाहीचं माप समजावून सांगतायत.

काकांनी बटण बंद केलं, चादर ओढून मागच्या अंगणात फेकली, पायाखाली तुडवली. झालं. त्यांना असल्या आगीचं काय! पण नंतर पायरीवर बसले ते उठेचनात. घरोघरच्या आगी विझवलेला माणूस, आग लागल्यावर काय करायचं ते त्यांना झोपेतही आलं असतं. पण घरातल्या माणसाला धूरच कळत नसेल तर? आपण बाजारात असू तर?

काकूही शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "आता मला एकटीला घरात ठेवायला घाबरणार तुम्ही."

"छे! काहीतरीच काय," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. काकूंना ते पुरतं ठाऊक होतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की चार ओळखीचे वास घ्या, सकाळ-संध्याकाळ, मन लावून. लिंबू, लवंग, साबण, काय हवं ते. "एखादा जरी वास परत आला ना, तर तो सोडू नका. रोज घेत राहा. त्याच्या मागून बाकीचे येऊ शकतात." काकूंनी लिंबं हुंगली, लवंगा हुंगल्या. पालथ्या घड्यावर पाणी. काका समोर बसून, "आला? आला का काही?" विचारायचे, आणि काकू मान हलवायच्या. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही असे टक लावून बघता ना, त्यानेच तो वास घाबरून पळत असेल."

शेजारी एक मास्तरीणबाई राहायच्या. त्यांच्या दाराशी, भिंतीलगत, भर उन्हात, एक जुनी मातीची कुंडी होती. तिच्यात एक करड्या-हिरव्या पानांचं, सुयांसारख्या बारीक पानांचं झुडूप. दिसायला अगदी यथातथा. काकू मापं घ्यायला त्यांच्याकडे गेल्या होत्या, निघताना चप्पल घालायला वाकल्या, आणि त्यांचा दंड त्या झुडपाला घासला. काकू तशाच वाकलेल्या राहिल्या. मास्तरीणबाईंना वाटलं पाठीत उसण भरली.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"ती होय? रोझमेरी. का हो?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. धावत घरी आल्या, काकांच्या हातातली नळी काढून घेतली आणि त्यांना ओढत शेजारी नेलं. कापूर आणि ताजं तासलेलं लाकूड यांच्या मधलं काहीतरी, कुठूनसं लांबून, दोऱ्याएवढं बारीक. पण येत होतं! काकू त्या कुंडीपाशी बसून राहिल्या, पान चुरडायच्या, हुंगायच्या, डोळे मिटायच्या. मास्तरीणबाई मोठ्या समजूतदार. त्यांची बदली झाली तेव्हा सगळं सामान टेम्पोत चढवलं आणि कुंडी तेवढी उचलून काकूंच्या मागच्या दाराशी आणून ठेवली.

"काकू, वर्षानुवर्षं टिकते ही. फार काही लागत नाही हिला. ऊन हवं. पाण्याचं विसरलात तरी चालेल."

काकू "बरं" म्हणाल्या. काकांनीही ऐकलं, पण त्यांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. पाहुणा दारात येतो आणि म्हणतो, "नको नको, चहा नको, आत्ताच घेऊन आलोय." म्हणून काय त्याला कुणी तसंच पाठवतं? बिचारं झाड संकोची दिसतंय, काकांच्या मनात आलं. त्यातून ज्या झाडावर काकूंचं नाक अवलंबून, त्याची हयगय? नाव नको!

तर काकांनी रोझमेरीचं स्वागत केलं. ती जुनी टवका उडालेली कुंडी त्यांना शोभेची वाटेना. लेकीने दिलेली निळी चकचकीत चिनी मातीची बरणीवजा कुंडी माळ्यावर होती, ती काढली. तळाला भोक नव्हतं, पण उलट बरंच की, पाणी वाया जायचं नाही! काळी मऊ माती भरली, खत भरलं, कर्दळींच्या गार सावलीत जागा दिली, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. दुपारी उन्हाचा ताप फार वाटला तर मधे एकदा.

सुरुवातीला झाड टरारलं. काका म्हणाले, "बघ! तिकडे उपाशी होती." मग खालची पानं पिवळी पडली. मग शेंडे तपकिरी झाले. मग एक दिवस झुडपाने मान टाकली.

आता तहानलेलं झाड काय करतं? मान टाकतं. काकांच्या सगळ्या बागेत हीच रीत होती. मान टाकली की पाणी, पाणी दिलं की ताठ. त्यांना ती खूणच वाटली. पाणी सोड! त्यांनी सोडलं. झाड आणखी लोंबलं. त्यांनी आणखी सोडलं. बाईसाहेब बुडत होत्या आणि काका त्यांना प्यायला देत होते. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीचाही चिखल झाला.

आणि मग जे व्हायला नको ते झालं. एका सकाळी काकूंनी नेहमीसारखं पान चुरडलं, नाकाशी नेलं, आणि बराच वेळ तसंच धरलं. दुसरं पान चुरडलं. तिसरं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही." काकूंनी हात धुतले आणि मशीनवर बसल्या. पण मशीन चालू झालं नाही. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाल्या, "गेला. तोही गेला. आता नका आणू डॉक्टर-बिक्टर. पुरे झालं."

काका तडक झाडापाशी गेले. त्यांनी स्वतः पान चुरडून बघितलं, त्यांनाही वास जेमतेमच आला. म्हणजे गेलं होतं ते काकूंचं नाक नव्हे, झाडाचा वास! हे त्यांनी काकूंना सांगितलं, पण काकूंना ती नुसती समजूत वाटली. "हो हो," म्हणाल्या, लहान मुलाला म्हणावं तसं.

काकांनी ती निळी कुंडी छातीशी धरली आणि गावाबाहेरच्या नर्सरीचा रस्ता धरला. बसमध्ये त्यांच्या सदऱ्यावर चिखलाचं पाणी सांडलं, शेजारच्या माणसाच्या बुटातही गेलं. त्याने रागाने बघितलं, तर काका म्हणाले, "पेशंट आहे हो!"

नर्सरीवाली बाई मोठी फटकळ. नखांत माती, कानामागे पेन्सिल. तिने कुंडी आडवी केली, झाड उपसलं. मुळं काळी, बुळबुळीत, आणि असा कुजका भपकारा की काकांनी तोंड फिरवलं.

"काय हो, हिला पोहायला शिकवत होतात काय?"

"मान टाकली होती तिने," काका म्हणाले. "तहान लागली वाटलं."

"झाड तहानेनेही मान टाकतं आणि बुडूनही टाकतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. पानाला काय विचारता? मातीला विचारा! बोट खुपसा. आत ओल लागली तर पाणी नाही. पृष्ठभाग सुकला म्हणूनही नाही. चांगलं खोलवर कोरडं लागलं तरच, आणि मग भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत. मग पुन्हा विसरायचं."

"दुसरी द्या मग एक. नवीन. मी नीट करीन."

बाईंनी उपसलेलं झाड बाजूला ठेवलं आणि रोपांच्या रांगेकडे बोट दाखवलं. काकांनी चार रोपं आणली, पण काकूंनी एकेक हुंगून बाजूला ठेवलं. कोवळी रोपं, आडोशाच्या सावलीत वाढलेली, त्यांच्यात तो जुन्या लाकडाचा जोर कुठला! काका दुसऱ्या दिवशी पुन्हा नर्सरीत हजर.

"ती जुनीच वाचवायला हवी हो," ते म्हणाले, आणि कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्या परक्या बाईला सांगून टाकली. नाकाची, कॉलरची, धुराची. "तिचा वास गेल्यापासून आमच्या हिने पुन्हा वास घ्यायचा प्रयत्नच सोडून दिलाय. आणि मीच मारली ना तिला. माझ्याच हाताने."

नर्सरीवालीने हातातलं काम ठेवलं. पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली. काल बाजूला ठेवलेलं झाड आणलं, काळी मुळं कापून टाकली. अजून पांढरी असलेली थोडी राहिली. वरचे मेलेले शेंडे उडवले. "हिरवं आहे तिथपर्यंतच कापायचं. खालच्या उघड्या जुन्या लाकडात कात्री घातलीत तर तिथून पुन्हा फुटत नाही ही, लक्षात ठेवा. आता घरी जा. माती कमी, जाड वाळू आणि विटांचे तुकडे जास्त. खोलगट काहीतरी घ्या, तळाला सणसणीत भोकं पाडा. जगेल असं मी म्हणत नाही. पण या बाईला कोरडं वाढायला आवडतं. तुमचं प्रेम जरा कमी पडलं तर जगेल."

प्रेम कमी करा म्हणे! काका सगळ्या वाटेत पुटपुटत आले. घरी येऊन खोलगट काही शोधू लागले. डबा, टब, पिंप. आणि त्यांची नजर मागच्या दाराशी गेली. वाळू ठेवायची हक्काची जागा ती! जन्मभर तिच्यात वाळूच होती.

पण भोकं? अग्निशमन दलाच्या बादलीला भोकं पाडायची? काका खिळा आणि हातोडी घेऊन पायरीवर किती तरी वेळ बसून होते. काकू खिडकीतून बघत होत्या. बादलीला बोट लावू न देणारा हा माणूस! पहिला घाव पडला तेव्हा काकूंनी डोळे मिटले. मग दुसरा, तिसरा. काकांनी बादली उचलून आभाळाकडे धरली, भोकांतून उजेड बघितला, आणि नाक ओढलं.

"अहो, राहू द्या ना," काकू आतून म्हणाल्या. "आता काय उपयोग आहे?"

"तू गप्प बस," काका म्हणाले. असं ते कधी बोलत नसत.

रोझमेरी बादलीत बसली. बादली भिंतीपाशी गेली, जिथे दिवसभर ऊन रणरणायचं आणि जिथपर्यंत काकांची नळी पोचायची नाही. खाली दोन विटा, वर उरलेल्या चार काड्या आणि 'आग' अशी अक्षरं. लावताना एकदा पाणी दिलं, तेवढंच.

आता खरी परीक्षा. जित्याची खोड अशी सहज जाते होय? पहाटे उठलं की काकांचा हात आपोआप झारीकडे जायचा. कर्दळींना पाणी, नेच्यांना पाणी, आणि झारी भिंतीकडे वळली की खिडकीतून टेबलावर टकटक ऐकू यायची. काकूंच्या ओठांत टाचण्या. बोलता येत नाही. पण दोन्ही हात डोक्यावर, फुली!

काका जागच्या जागी थांबायचे. ती खूण मोडणं त्यांना शक्यच नव्हतं, ती त्यांच्या हाडांत बसली होती. काकूंना ती किश्शांमधून पाठ होती. पहिल्या दिवशी त्यांनी नुसती गंमत म्हणून केली होती, पण काका असे ताठ उभे राहिलेले बघून त्यांना हसू फुटलं, टाचण्या भिरकावल्या गेल्या, आणि त्या वेचताना दोघं जमिनीवर बसून हसत राहिले. काकू खूप दिवसांनी हसल्या होत्या. पुढे तो रोजचा रिवाजच झाला. त्या आता खिडकीशी बसून भिंतीवर डोळा ठेवू लागल्या. झाडासाठी नव्हे बरं का, नवऱ्यावर पहारा म्हणून, असं त्या म्हणायच्या.

मधे काकू काही दिवस लेकीकडे गेल्या. काकांना एकटं सोडून. वर उन्हाळा. काकांनी बोट खुपसलं, वर कोरडं, खाली थोडीशी ओल. ही ओल की आपल्याला भास? झारी भरून ठेवली. रिकामी केली. पुन्हा भरली. शेवटी लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"आईला दे."

काकू पडद्यावर आल्या. काकांनी एक हात सरळ वर केला आणि प्रश्नार्थक चेहरा केला. काकूंनी, लेकीच्या सासूबाईंच्या देखत, भर दिवाणखान्यात, दोन्ही हातांची डोक्यावर फुली मारली. सासूबाईंनी हळूच लेकीला विचारलं, "तुझे आईबाबा बरे आहेत ना गं?"

काकू परत आल्या त्या आठवड्यात एका काडीला हिरवा ठिपका दिसला. मग दुसऱ्या. काका त्याला हात लावायलाही धजेनात. काही दिवसांनी बोट आत खोलवर कोरडं गेलं, तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघितलं. काकूंनी विचार केला, उठल्या, बाहेर येऊन स्वतःचं बोट खुपसलं, आणि मग पहिल्यांदा एक हात सरळ वर केला. काकांनी अशा सावकाश झारी धरली की जणू दवाखान्यात थेंब मोजून औषध देतायत. बादलीखालून पाणी वाहिलं आणि ते थांबले.

झाड आखूड, दाट आणि चिवट वाढलं. उन्हाने कडक झालेली पानं, हात लावला की बोटांना चिकट. काकांनी त्याचा वास घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी यावं इतका तो तिखट होता. त्यांनी एक शेंडा खुडला आणि मशीनवर, काकूंच्या हातापाशी ठेवला. बोलले काही नाहीत. टक लावूनही बघितलं नाही. मोठ्या निकराने कर्दळींकडे बघत उभे राहिले.

मागून मशीन थांबलं.

"आहे," काकू म्हणाल्या. "दोऱ्याएवढा नाही हो. दोरीएवढा आहे!"

मग पुन्हा सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. काकू शेंडा घ्यायच्या, त्यामागून लिंबू, त्यामागून लवंग. रोझमेरी यायची, बाकीचे यायचे नाहीत. काकू म्हणायच्या, "एक तर एक. काही लोकांना तेवढंही नसतं." पण बाजारात जायचं झालं की काका अजूनही दाराशी घुटमळायचे, गॅसचं बटण दोनदा बघायचे, इस्त्रीची पिन काढून खिशात घालून न्यायचे. काकूंना ते दिसायचं. त्या पाठ फिरवायच्या.

असं चाललं होतं, आणि एक दिवस सकाळी काकूंनी दूध तापत ठेवलं. "लक्ष ठेवा हो," म्हणून त्या पुढच्या खोलीत एका झग्याचा घेर टाचायला बसल्या. काका दुधापाशी उभे होते. खरंच होते. पण मागच्या दारातून त्यांना बादली दिसत होती, आणि बादलीत काहीतरी निळं दिसत होतं. ते फक्त एक पाऊल बाहेर टाकून बघणार होते. तर खरोखरच फूल! तांदळाएवढं, फिकं निळं. काका गुडघ्यांवर बसले. शेजारच्या फांदीवर आणखी एक होतं. आणि तिकडे एक कळी. माणूस आपल्या नातवंडाचे दात मोजतो तसे ते मोजत बसले.

"अहो!" आतून काकू ओरडल्या. "अहो, काहीतरी करपतंय!"

पंपावरचे पाय ते. काका तीरासारखे आत. दूध उतू जाऊन आटलेलं, पातेल्याचा तळ काळा, धूर नुकताच कुठे वर निघालेला, पुढच्या खोलीपर्यंत पोचलाही नव्हता. त्यांनी गॅस बंद केला. काकू झगा छातीशी धरून दारात येऊन उभ्या होत्या, संतापलेल्या.

"लक्ष ठेवा म्हणून सांगून गेले होते ना! झाडाशी काय गप्पा मारताय? एवढं जळलं तरी तुम्हाला वास येत नाही का?"

बोलल्या आणि थांबल्या.

काकाही थांबले. पातेलं चरचरत होतं.

"काय म्हणालीस?" काका म्हणाले. "पुन्हा म्हण."

काकूंनी झगा खाली टाकला. दोन पावलं पुढे आल्या, काकांची बाही धरली, आणि दारात थांबवून धरायच्या तशी ती नाकाशी नेली. काकांनी श्वास रोखून धरला.

"दूध," काकू म्हणाल्या. "साधं दूध. तळाला लागलंय. साखर नव्हती घातली अजून." त्यांनी बाही आणखी जवळ ओढली. "आणि ही रोझमेरी."

काकांना रडू आलं. उभ्या नोकरीत कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आणि आता जळक्या दुधासाठी ते हमसून रडत होते. खोलीत आता चांगलाच धूर झाला होता, काकूंना खोकला येत होता, आणि त्या मधे मधे, "काय घाण वास आहे हो! काय भयंकर वास आहे!" असं म्हणून हसत होत्या. गॅस बंद होता तरी पातेलं अजून धुमसत होतं. काकूंनी त्यांची बाही न सोडता एक हात सरळ वर केला.

काकांनी पातेलं नळाखाली ढकललं आणि पाणी सोडलं. वाफेचा लोट उठला. पातेलं भरलं, काठावरून वाहू लागलं, सिंक भरत आलं. काका नळावर हात ठेवून उभे होते. बंद करायची खूण काही आली नाही, कारण काकूंनी तो वर केलेला हातही खाली आणला होता, आणि दोन्ही हातांनी त्यांची बाही नाकाशी घट्ट धरून ठेवली होती.